तिला सगळं कळतं

करोल बागेत मराठी ऐकू आलं की मान आपोआप वळते. दिल्लीत राहणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. साड्यांच्या ढिगापलीकडून एखादं ‘अगं, हे बघ ना’ कानावर पडायचा अवकाश, हातातलं तसंच टाकून आपण हसत तिकडे निघतो, ‘मराठी का तुम्ही? कुठल्या?’ मग पुणं, सातारा, नवरा कुठल्या मंत्रालयात, कोपर्निकस मार्गावरच्या सदनात परवा साबुदाणावडा बरा होता, असं सगळं होतं, फोन नंबर घेतले जातात आणि पुन्हा कुणी कुणाला फोन करत नाही. त्या दुपारीही मी तशीच वळले. वळले म्हणजे काय, वळायला जागा नव्हती. दुकानाच्या मागच्या बाजूला प्लायवूड ठोकून ट्रायल रूमची खोकी केलेली होती, त्यातल्या एकात मी गुडघ्यांवर बसून माझ्या सतरा वर्षांच्या मुलीला सलवार चढवत होते. तेवढ्यात बाईचा आवाज आला, दबका, घाईघाईचा, ‘आधी फॅन लाव. मग बोलू.’ जानेवारीत, अंगात दोन-दोन स्वेटर असताना फॅन कसला लावतेय ही बया, असं मनात म्हणत मी प्लायवूडवर टकटक केली. ‘मराठी का तुम्ही?’ पलीकडून अस्सल पंजाबी आवाज आला, ‘जी? मुझसे कहा?’ आणि मग तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं, पलीकडून नाही, माझ्या डोक्यावरून. ‘आधी फॅन लाव. मग बोलू.’ मी वर पाहिलं. वल्लरीचे ओठ हलत होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, तशी ती कुणाकडेच पाहत नाही, पडद्याच्या कड्यांकडे पाहत होती. माझी मुलगी बोलत नाही. तीन वर्षांची असल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडलेला नाही. आणि आता जो आवाज बाहेर पडला तो तिचा नव्हताच. तो माझा होता.

मेट्रोत तिला कोपऱ्यातल्या सीटवर बसवलं आणि मी समोर उभी राहिले, नेहमीसारखी, तिच्या आणि लोकांच्या मध्ये. ती झुलत होती आणि घुमत होती. हे घुमणं तिचं फार जुनं, तोंड मिटून घशातून एक सलग खालचा सूर, मध्येच किंचित अडखळणारा. डॉक्टर म्हणतात, स्वतःला शांत करायची तिची रीत आहे. लोक टकामका बघतात. एरवी मी त्यांच्याकडे अशी काही बघते की ते निमूट फोनमध्ये डोकं घालतात, पण त्या दिवशी माझं लोकांकडे लक्षच नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मुलगी बोलली हो! अशा वेळी आई रडते, देवापुढे साखर ठेवते, पुण्याला फोन लावते. मी मात्र वैशाली स्टेशन येईपर्यंत पिशवी छातीशी धरून उभी होते. पिशवीत गडद रंगाच्या, नाडी आणि बटण नसलेल्या सलवारी होत्या. तसल्याच आणायला सांगितलं होतं. प्रत्येकीवर आतल्या बाजूने तिचं नाव शिवून द्यायचं होतं. कुठे द्यायचं, ते वल्लरीला अजून सांगितलेलं नव्हतं.

ती लहान होती तेव्हा तिच्याकडे मोजके शब्द होते. चिऊ. दूदू. बाबा. मग ते एकेक करून गेले, दिवेलागणीला पाखरं जातात तसे, आपण मोजेपर्यंत झाड रिकामं. थेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘घर में कौन सी भाषा बोलते हैं?’ मी म्हटलं, मराठी. ‘और बाहर? स्कूल में, पार्क में?’ हिंदी. त्यांनी पेन खाली ठेवलं, आम्हाला रोगाचं मूळ सापडल्यासारखं वाटलं. ‘देखिए, बच्ची वैसे ही उलझी हुई है. एक ही भाषा रखिए. घर में भी हिंदी.’ पुण्यात असतो तर हा प्रश्न आलाच नसता, पण यतीनची नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे आम्ही दिल्लीत होतो आणि बाई सांगतील ते करायला तयार होतो. माझी हिंदी तेव्हा कशी, तर ‘भैया, उधर बाजू में लेव’ छापाची. त्या हिंदीत मी माझ्या मुलीला न्हाऊमाखू घातलं. त्या हिंदीत लाड केले, रागावले, अंगाईसुद्धा कुठून कुठून ऐकून हिंदीतच म्हटली, आणि दर ओळीला वाटायचं की हे मी दुसऱ्या कुणाच्या मुलीला म्हणतेय. सासूबाई फोनवर ‘माझी सोनुली ती’ म्हणाल्या तर मी पटकन फोन काढून घ्यायचे. इतकं कडक. आणि मराठी? मराठी स्वयंपाकघरात गेली. दार लोटायचं, एक्झॉस्ट फॅन लावायचा, त्याच्या घरघरीत यतीन आणि मी बोलायचो. हेतू चांगला होता, देवाशपथ. तिच्या कानांवर पडू नये, ती गोंधळू नये. पण भाषा अशी रिकामी बसत नाही, ती काम शोधते. दिल्लीतली मराठी माणसं बाजारात मराठी कशाला वापरतात? दुकानदारादेखत त्याच्याचबद्दल बोलायला. ‘लुटतोय मेला, ऊठ, निघू या,’ आणि तोंडावर गोड हसू. आम्ही ती सवय घरी आणली. आमच्या घरात तो दुकानदार म्हणजे वल्लरी.

आणि बाहेर मी काय करत होते? बाहेर मी सगळ्या जगाशी भांडत होते. शाळा सांगायची, बाकीच्या मुलांना त्रास होतो. सोसायटीवाले म्हणायचे, तुम्ही सामानाची लिफ्ट वापराल का, प्लीज, बच्चे डर जाते हैं. मी म्हटलं, तुमच्या मुलांना घाबरायचं असेल तर त्यांनी जिन्याने जावं. एका दातांच्या डॉक्टरने तिच्यासमोर मला विचारलं, ‘इसको दर्द होता भी है?’ त्याच्या दवाखान्यात मी असा तमाशा केला की बाहेरचे पेशंट उठून गेले. दर वेळी माझं एकच वाक्य असायचं. ‘उसे सब समझ में आता है.’ तिच्यासमोर असं बोलू नका, तिला सगळं कळतं. मेट्रोतल्या तपासणीच्या बायकांना, शेजारणींना, यतीनच्या साहेबांच्या बायकोला, सगळ्यांना मी हे इतकं ऐकवलं की आमच्या इंदिरापुरममध्ये लोक मला त्या वाक्यानेच ओळखायचे. नव्या आया मला फोन करायच्या, दीदी, तुमच्यासारखं भांडायला शिकवा. मी शिकवायचे. मग घरी येऊन हातपाय धुऊन स्वयंपाकघराचं दार लोटायचे आणि फॅन लावायचे.

त्या संध्याकाळीही तसंच केलं. यतीन ऑफिसातून आला, चहा टाकला, दार लोटलं, फॅन लावला आणि म्हटलं, ‘यतीन, ती बोलली. मराठीत.’ त्याने कप खाली ठेवला नाही. ‘कोण?’ ‘वल्लरी.’ ‘भास झाला असेल तुला. दमली आहेस, शनिवारचं टेन्शन आहे.’ मी सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. बाहेरून, हॉलमधून तिचं घुमणं येत होतं. तोच सलग सूर, मध्येच किंचित अडखळणारा. आणि माझ्या डोक्यावर आमचा जुनाट फॅन तसाच घुमत होता, त्याच सुरात, पात्याला तेलकट जाळं अडकतं तिथे तसाच अडखळत. मी हात वर करून फॅन बंद केला. घरघर थांबली नाही. ती आता फक्त हॉलमधून येत होती. यतीनने माझ्याकडे पाहिलं. मग घुमणं थांबलं आणि यतीनचा आवाज आला, बाहेरून, दमलेला, ऑफिसातून आल्यावरचा. ‘बघ बाई. शनिवारी उरकून टाकू.’ समोर यतीन ओठ मिटून उभा होता. चहा त्याच्या हातावर सांडला तरी त्याला कळलं नाही. इतकी वर्षं डॉक्टर ज्याला स्वतःला शांत करणं म्हणत होते, ते म्हणजे आमचं दार लोटणं होतं. तिच्या लेखी मराठी अशीच सुरू होत असणार, आधी घरघर, मग आईबाबांचे आवाज.

शनिवारी काय उरकायचं होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही आम्हाला राक्षस समजाल. पानिपतच्या पुढे, हमरस्त्यापासून आत शेतात एक संस्था आहे, अशा मुलांना कायमचं ठेवून घेतात. कायमचं, म्हणजे आमच्या नंतरही. अशी जागा मिळणं किती अवघड आहे ते ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच ठाऊक. अठरानंतर शाळा ठेवत नाही. वल्लरी आता माझ्याहून उंच आहे, अंगात ताकद म्हणाल तर दोन बायकांची. दिवाळीत फटाक्याला बिचकून तिने मला ढकललं तेव्हा माझं मनगट मोडलं, आणि ती त्या मोडक्या हाताला धरूनच रडत बसली. माझ्या पाठीचे मणके गेलेत. तिला पाळी येते तेव्हा मी आणि यतीन दोघं मिळून तिला धरतो, बापाने मुलीला असं धरावं लागतं, आणि तो डोळे मिटून घेतो. मी थकले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं ते फक्त फॅनखाली. त्या संस्थेत जागा झाल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं त्याच फॅनखाली एकमेकांना धरून हसलो होतो. लहान मुलांसारखे हसलो. तेही तिने ऐकलं असणार.

मग ते चार दिवस. आमच्या घरात असा गारठा मी कधी अनुभवला नव्हता, आणि तो थंडीचा नव्हता. यतीन म्हणाला, आपण आता इंग्लिशमध्ये बोलू. मी म्हटलं, तिला इंग्लिश येत नसेल कशावरून? आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करायचो, मीठ जास्त झालंय का, आणि मध्ये ती बसलेली, झुलत, घुमत. कधी दिवसभर काही नाही. कधी एका मागोमाग एक. ‘हिला घेऊन लग्नाला नको जाऊ या, उगाच शोभा.’ हे माझं. ‘तुझ्या घराण्यात असेल कुणी असं.’ हेही माझं. ‘रडू नकोस ना यार, ऐकेल ती.’ हे यतीनचं, त्याच्या त्या मवाळ आवाजात, हुबेहूब. एका दुपारी मी कणीक भिजवत होते आणि आतून यतीनने विचारलं, ‘झोपली का ही?’ मी म्हटलं, ‘कधीच,’ आणि कणकेतला हात तसाच राहिला, कारण यतीन ऑफिसात होता. मी आत जाऊन पाहिलं. ती आमच्या पलंगावर, यतीनच्या बाजूला, त्याच्यासारखीच एक हात डोक्याखाली घेऊन पडली होती आणि छताकडे पाहत होती. मी दारातच थांबले. माझी स्वतःची मुलगी, मीच वाढवलेली, आणि तिच्याजवळ जायची मला भीती वाटली. सरळ सांगते, भीती वाटली.

आणि मग आठवायची ती खोड लागली. काय काय बोललो असू आपण? भांडी घासताना, केस विंचरताना, तिच्या पाठीला तेल चोळताना सारखं तेच. सगळं वाईटच बोललो असू असं नाही. कोथिंबीर कुजली, यतीनच्या साहेबाची बदली झाली, वरच्या मजल्यावरची बया पुन्हा गरोदर आहे, असलंही पुष्कळ असणार. पण तिने ठेवलं काय, तर तिच्याबद्दलचं. मी शोधत होते की त्यात एखादं बरं वाक्य आहे का. एखाद्या दिवशी तरी मी फॅनखाली म्हटलं असेल ना, की आज ती छान हसली, किंवा निळ्या फ्रॉकात गोड दिसत होती. म्हटलं असेल. पण चांगलं बोलायला दार कोण लोटतं? चांगलं मी तिला तोंडावर, हिंदीत सांगत होते. वरवरच्या, उसन्या हिंदीत. थेरपी लागल्यापासून मराठीत आम्ही तिला कधी ‘तू’ म्हटलंच नव्हतं. आमच्या भाषेत ती इतकी वर्षं नुसती ‘ही’ होती, सगळ्यात मोठी अडचण. आणि मी बाहेर ओरडून सांगत होते की हिला सगळं कळतं. कुणाला सांगत होते? मला स्वतःला ते एक दिवस तरी खरं वाटलं होतं का?

शनिवारी धुकं होतं. जानेवारीत हमरस्त्याला असतंच, पण त्या दिवशी पुढची गाडी दिसेना, नुसते तिचे लुकलुकणारे दिवे. निघताना यतीन वल्लरीला हिंदीत म्हणाला, ‘चलो वल्लू, काला आंब चलेंगे. बिल्कुल मस्त घूमेंगे.’ दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी तिथे जातात, आम्हीही जातो. तिला ती जागा आवडते, मोकळं आहे, हॉर्न नाहीत. लोक तिकडे पानिपतच्या लढाईबद्दल भाषणं करतात आणि ती कुंपणाच्या गजांवरून बोट फिरवत हिंडते, कुणी काही बोलत नाही. सोनीपत मागे पडलं तशी ती मागच्या सीटवर घुमायला लागली. यतीनने काच थोडी खाली केली, धुकं आत आलं, पुन्हा वर केली. मग माझा आवाज आला, माझ्याच मानेमागून. ‘तिला काला आंब सांगू. म्हणजे गाडीत शांत बसेल.’ थोड्या वेळाने यतीनचा. ‘आणि गेटपाशी?’ पुन्हा माझा. ‘गेटपाशी तू धर. मी बॅग घेईन.’ आमचा सगळा बेत तिने ओळीने म्हणून दाखवला, न चुकता, कुठे थांबायचं, किती वेळ बसायचं, रडली तर मागे वळून बघायचं नाही. चिडून नाही, रडून नाही. पाठ झालेलं म्हणावं तसं. काला आंबचा फाटा आला तेव्हा तिने मान वळवून धुक्यात पाहिलं, फाटा मागे गेला तशी मान पुन्हा सरळ केली. गाडीत ती खरोखरच शांत बसली होती.

संस्था स्वच्छ होती. वाईट बोलावं असं काही नव्हतं, हेच वाईट. मोहरीच्या शेतात पांढरी बैठी इमारत, अंगणात दोरीवर गडद सलवारी आणि पायजमे वाळत घातलेले, सगळे एकसारखे. इतकी मुलं तिथे राहतात आणि आवाज म्हणून नाही. कुणी किंचाळत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. मी असल्या मुलांच्या शाळांमध्ये आयुष्य घालवलंय, मला तो कलकलाट पाठ आहे, आणि इथे धुक्यात नुसता कुठेतरी नळ ठिबकत होता. संचालिकाबाई मायाळू होत्या, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, हरियाणवी. आम्हाला चहा दिला, वल्लरीला बिस्किट दिलं. वल्लरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, बॅग आमच्या पायाशी. बाईंनी इकडचं तिकडचं विचारलं, खाते काय, झोपते कधी, मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, ‘समझती है कुछ?’

माझं वाक्य जिभेवर तयार होतं. हजारदा म्हटलेलं, ज्यासाठी मी ओळखली जाते ते वाक्य. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ठाऊक होतं की ते शब्दशः खरं आहे. तोंडच उघडेना. यतीन म्हणाला, ‘ना जी. कुछ नहीं.’ त्याचा आवाज अगदी वल्लरी काढते तसा आला. बाईंनी मान डोलावली. ‘अच्छा ही है जी. जो समझते हैं ना, वो महीनों गेट के पास बैठे रहते हैं. जो नहीं समझते, वो जल्दी रम जाते हैं.’ मी दारातून बाहेर पाहिलं. गेटच्या आतल्या बाजूला एक लांब बाक होता. तेवढ्यात वल्लरी घुमायला लागली. मी तिच्या मांडीवर हात ठेवला, दाबला, नको म्हणून दाबला, पण घुमणं थांबलं आणि ती बोलली. माझ्या आवाजात, त्या हसण्याच्या दिवसातल्या माझ्या आवाजात. ‘ही एकदा गेली ना, की आपण पुन्हा माणसात येऊ.’

बाईंचा चेहरा उजळला. त्यांना मराठी कुठून येणार! ‘अरे वाह, बोलती है! आपने तो कहा था बोलती नहीं. क्या कह रही है बिटिया?’ यतीन लगेच म्हणाला, ‘कुछ नहीं जी, ऐसे ही, टीवी का कुछ.’ बाई माझ्याकडे बघत होत्या, खरंच आनंदाने बघत होत्या. आता पाहा, इतकी वर्षं मी तिच्या वतीने बोलत आले. तिला काय हवं, तिला काय दुखतं, तिला काय वाटतं, सगळं मी सांगितलं, सगळं माझ्या मनचं. आणि आज तिने स्वतः काहीतरी म्हटलं होतं आणि ते दुसऱ्याला सांगायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, ‘कह रही है, ये एक बार चली जाए, तो हम फिर से इंसान बन जाएँगे.’ बाई हसत होत्या, हसू तसंच राहिलं. ‘ये... कौन चली जाए?’ ‘ये. ये खुद.’ ‘और हम कौन?’ ‘हम दोनों,’ मी म्हटलं आणि यतीनकडे बोट केलं. ‘ये मैंने कहा था. हँस के कहा था.’ यतीन मराठीत म्हणाला, ‘रेवती, बस कर, मी हात जोडतो,’ आणि मराठीत बोललो हे लक्षात येऊन त्याने वल्लरीकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. बाईंनी वल्लरीच्या पुढ्यातलं बिस्किट उगाच सरळ केलं.

मी खुर्ची वळवली. गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकले. ‘वल्लरी,’ मी म्हटलं, आणि पुढचं येईना. लेकीशी मराठीत बोलायला मी शब्द शोधत होते, मी, सदाशिव पेठेत वाढलेली. ‘तू इथे राहशील का गं?’ इतकंच आलं. वाट पाहिली. ती प्रश्नाला उत्तर देत नाही, मला माहीत आहे, कुठल्याच भाषेत देत नाही. चमत्काराची आशा मी केव्हाच सोडलीय. पण मी कधी विचारून थांबले नव्हते, ते त्या दिवशी थांबले. चहावर साय धरली. यतीन रडत होता, आवाज न करता. वल्लरीने बिस्किट खाल्लं, बोटं चाटली, दाराच्या कडीकोयंड्याकडे बघत राहिली. मग मी बॅग उचलली आणि बाईंना म्हटलं, आज राहू दे. त्या म्हणाल्या, जागा फार दिवस ठेवता येणार नाही, मॅडम, बाहर लाइन लगी है. मी म्हटलं, मला माहीत आहे. खरंच माहीत होतं. इतक्या वर्षांत मिळालेली एकच जागा मी तिथे टेबलावर सोडून आले, आणि मी काही फार चांगलं केलंय असं मला वाटलं नाही. पाठ ठणकत होती.

मी मागे तिच्याशेजारी बसले. दुपार झाली होती तरी धुकं हटत नव्हतं, दोन्ही बाजूंना काही नव्हतं, आम्ही कुठून कुठे चाललोय ते सांगणारं काहीच नव्हतं. पानिपत गेलं असेल किंवा यायचं असेल. वल्लरी मग बोलली. या वेळी आवाज माझा नव्हता, यतीनचाही नव्हता. आम्ही दोघांनीही ते इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यात आता कुणाचाच आवाज उरला नसावा. जाड, ओबडधोबड, न वापरलेल्या गळ्यातून आलेला तो आवाज होता.

‘आपल्या नंतर हिचं कोण?’

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. थोडं थांबून तिने पुन्हा म्हटलं, ‘आपल्या नंतर हिचं कोण?’ आणि थांबली. बाकीची वाक्यं ती म्हणून मोकळी व्हायची. या वाक्यानंतर मात्र ती गप्प बसून राहिली, झुलायचीही थांबली, अगदी तशीच उत्तराची वाट बघत मी मघाशी त्या खुर्चीवर थांबले होते. आम्ही हे एकमेकांना विचारायचो तेव्हा समोरचा कधीच काही बोलायचा नाही. एक सुस्कारा, मग फॅन बंद, मग जेवायला वाढायचं. मी तिचा हात घेतला. तिने काढून घेतला नाही. ‘माहीत नाही, बाळा,’ मी म्हटलं. ‘तुझं कोण ते मला माहीत नाही. मी पुष्कळ शोधलं. मला खरंच माहीत नाही गं.’

तिने ते ऐकलं. मग ती पुढे वाकली, यतीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोच प्रश्न त्याला विचारला.